ट्रेकला पक्ष्याचा आवाज येतो, पण नाव दर वेळी चुकतं? आधी हे तपासा

दर हिवाळ्यात ओळखीतल्या कोणाचं तरी एक रेकॉर्डिंग मला येतं. वीसेक सेकंदांचं. त्यातले पंधरा सेकंद बुटाखाली सागाची वाळकी पानं चुरचुरतायत, मधे कोणीतरी "अरे बाटली कुणाकडंय" म्हणतंय, शेवटी कुठंतरी लांब बारीकशी टिवटिव, आणि खाली प्रश्न की हा कोणता, मागच्या वेळी तू शिंपी (टेलरबर्ड) म्हणालास पण हा तसा वाटत नाही. बहुतेक वेळा तो शिंपीच असतो.

हसत नाहीये मी, माझी पण पहिली तीन वर्षं यातच गेली. एका जानेवारीत सिंहगडाच्या अतकरवाडीच्या वाटेनं चढताना मी वहीत अकरा 'न दिसलेले' पक्षी लिहिले होते, प्रत्येकाचा आवाज जमेल तसा अक्षरांत, "टुइट टुइट", "पिट पिट पिट", "चिविक" असं काहीबाही. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन तिथंच गेलो, या वेळी प्रत्येक आवाजापाशी पक्षी दिसेपर्यंत हलायचं नाही असं ठरवून, वरच्या पिठलं-भाकरीला उशीर झाला तरी चालेल म्हटलं. अकरातले पाच शिंपी निघाले. एकच पक्षी, पाच मूड.

त्यामुळं तुमचा प्रॉब्लेम "सगळे आवाज सेम वाटतात" हा असेल तर आधी तो उलटा करून बघा. बऱ्याचदा दोन वेगळे पक्षी सारखे वाटत नसतात, तर एकाच पक्ष्याचे दोन आवाज वेगळे वाटत असतात, आणि आपण उगाच दुसरा पक्षी शोधत बसतो.

शिंपी चिमणीहून लहान, पण आवाज असा की वाटतं कबुतराएवढा तरी असेल. मी त्याला एसटीचा कंडक्टर म्हणतो. "तिकीट-तिकीट-तिकीट-तिकीट", एकाच पट्टीत, एकाच वेगानं, दम लागेपर्यंत. मग थांबतो आणि पुढच्या खेपेला शब्दच बदलतो, आता "चीप-चीप-चीप" किंवा "टुवी-टुवी-टुवी", आणि इथंच आपण फसतो कारण आपल्याला वाटतं दुसरा कोणीतरी आला. शब्द ऐकू नका, सवय ऐका. एक शब्द धरायचा आणि तोच ठोकत राहायचा, चाल बदलायची नाही, हेच शिंप्याचं लक्षण. मांजर किंवा भारद्वाज जवळ आला की तो घाबरून "पिट-पिट-पिट" असं फार भरभर करतो, ते वेगळं, त्यात आजूबाजूचे बुलबुल पण सामील झालेले असतात.

शिंप्यासारखेच अजून चार जण घरबसल्या पक्के करून टाका: लालबुड्या बुलबुल, दयाळ, सुभग आणि राखी वटवट्या. पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, कुठंही सोसायटीच्या आवारात नाहीतर शेजारच्या टेकडीवर हे सापडतात, आणि बाल्कनीत चहा पिताना पंधरा दिवस फक्त यांचंच ऐकलं तरी ट्रेकवरचे निम्मे 'अनोळखी' आवाज गळून पडतील. दयाळ मार्चपासून पहाटे गाणारा सगळ्यांना माहीत असतो, पण तोच दयाळ डिसेंबरात झुडपात बसून नुसतं "चर्र" करतो ते कोणाला माहीत नसतं. सुभग लांब शिट्टी ओढतो आणि शेवटी घसरगुंडीवरून खाली आल्यासारखी सोडतो, "वीईईई-ट्यू". राखी वटवट्या "टी-टी-टी" असं नाकातून बोलतो आणि झुडपातून उडताना बारीक चटचट आवाज करतो, सैल प्लगमधून ठिणग्या उडाव्यात तसा. ती चटचट ऐकली की विषय संपला, बाकी काही बघायला नको.

आता दुसरी चूक, ही मला स्वतःला सगळ्यात महागात पडली. आवाज आठवताना आपण म्हणतो "गोड होता", "बारीक होता", "कर्कश होता". याचा उपयोग शून्य. झाडीत लांबून आलेला कुठलाही आवाज जरा गोडच लागतो, कारण त्यातला वरच्या पट्टीचा भाग पानांत अडकून जातो आणि खालचा तेवढा आपल्यापर्यंत येतो. जवळचा शिंपी आणि ऐंशी मीटरवरचा शिंपी यांचा पोत वेगळा लागतो, पण मोजलं तर दोघांची मात्रा एकच. म्हणून मोजायचं. किती तुकडे, मधे किती गॅप, शेवट वर जातो की खाली, पुन्हा तेच म्हणतो की बदलतो. चार गोष्टी झाल्या, वहीत एवढंच लिहा.

मोजणं म्हणजे काय ते कोकीळ-पावशावरून पटकन कळतं (हे दोघं शास्त्राच्या हिशेबानं गाणाऱ्या पक्ष्यांत मोडत नाहीत, पण वाटेवर गोंधळ घालण्यात पहिले). कोकीळ नर दोन तुकडे, "कु-ऊ". पावशा तीन, "पेर-ते-व्हा", आणि प्रत्येक वेळी एक पायरी वर चढत जातो, टिपेला पोचला की एकदम गप्प, मग परत खालून सुरू. चार तुकडे, सुटे सुटे आणि न चढणारे असले तर तो इंडियन कक्कू. जून उजाडला की चातक पण येतो आणि "पिऊ-पिऊ" लावतो. आपल्या आज्या-पणज्यांनी पावशाच्या आवाजात "पेरते व्हा" ऐकलं ते काही उगाच नाही, तीन अक्षरं आणि चढती चाल दोन्ही त्यात बसतं. तुम्ही पण तुमचे शब्द बनवा, पुस्तकातला इंग्रजी शब्द पाठ करून काहीही होत नाही, मी करून बघितलंय, तो ऐन वेळी आठवतच नाही.

आता खरा त्रासाचा भाग, हिवाळ्यातले वॉर्बलर, म्हणजे छोटे किडेखाऊ पक्षी. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत आपल्याकडं उत्तरेकडून हे पाहुणे येतात, सगळे मातकट-हिरवट, सगळे झाडीच्या आत, आणि मुख्य म्हणजे ते इथं सहसा गात नाहीत, फक्त कॉल देतात, म्हणजे छोटीशी हाक. तुम्ही घरी बसून रेकॉर्डिंग ऐकता तेव्हा बहुतेक वेळा युरोपातलं किंवा हिमालयातलं विणीच्या काळातलं गाणं वाजत असतं आणि मग टेकडीवर तसलं काही ऐकूच येत नाही. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर शोधताना भारत निवडा आणि गाणं नाही तर कॉल असलेली रेकॉर्डिंगच ऐका, एवढ्या एका बदलानं माझा निम्मा गोंधळ मिटला.

पुण्यातली वेताळ टेकडी असो की सिंहगड, दोन जण सगळीकडं भेटतात. ग्रीनिश वॉर्बलर, हा झाडाच्या वरच्या पानांत, आणि त्याचा कॉल दोन तुकड्यांचा, "चि-वीट", जरा ओला, आनंदी वाटणारा. आणि ब्लिथ्स रीड वॉर्बलर, हा घाणेरीत, करवंदीत, गच्च झुडपात, आणि त्याचा कॉल एकच कोरडा तुकडा, "टक्", मग दोनतीन सेकंद काही नाही, मग परत "टक्". दोन तुकडे वर, एक तुकडा खाली, इतकं धरलं तरी हिवाळ्यातल्या टेकडीचा मोठा भाग उलगडतो.

घाटात खाली, सदाहरित जंगलाकडं गेलात की ग्रीनिशसारखाच पण तीन तुकड्यांचा "चि-रु-वीट" ऐकू आला तर थांबा, तो ग्रीन वॉर्बलर असू शकतो. दोन की तीन हे मनात ठरवू नका, बोटावर मोजा, कारण मन आपल्याला हवं तेच ऐकतं. दुर्मीळ पक्ष्याची हाव असली की दोनाचे तीन आपोआप होतात.

ब्लिथ्सच्या "टक्"ची गंमत सांगतो. पुस्तकात वाचलं होतं की दोन गोटे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज असतो तो गप्पीदासचा. मी वाटेवर "टक्" ऐकलं आणि गप्पीदास लिहिलं. सोबत एक काका होते, बासष्ट-त्रेसष्टचे, त्यांनी काही न बोलता वाटेवरचे दोन खडे उचलले आणि हळूच एकमेकांवर आपटले. मग करवंदीकडं बोट दाखवलं. म्हणाले, "आवाज बरोबर आहे, पत्ता चुकलाय." गप्पीदास उघड्यावर बसतो, गवताच्या काडीवर, कुंपणाच्या तारेवर, दगडावर, तो करवंदीच्या पोटात शिरून टक् टक् कशाला करेल? तेव्हापासून मी आवाजाच्या आधी पत्ता लिहितो. जमिनीवर, झुडपाच्या आत, झुडपाच्या टोकावर, झाडाच्या मधल्या फांदीत, शेंड्यावर. बाभळी-बोरीच्या रानात तसंच कोरडं "टेक्" आलं तर लेसर व्हाइटथ्रोट असायची शक्यता जास्त, आणि उघड्या कातळावर पाण्याचा थेंब पडल्यासारखं "क्विप" आलं तर सल्फर-बेलीड वॉर्बलर, हा वॉर्बलर असून चक्क खडकांवर उड्या मारत किडे खातो, त्यामुळं गडांच्या कातळकड्यांपाशी हमखास. आणि कोरडी "ट्र्र्रट" अशी किल्ली फिरवल्यासारखी घरघर आली की मान वर करून मधल्या फांद्या बघा, शेपूट वर-खाली करणारा रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर असेल. पण घाई नको, ब्लिथ्स पण कधीकधी घरघर करतो. तो खाली, हा वर.

जंगलात आत गेल्यावर अजून एक वेगळंच संकट, नकलाकार. भीमाशंकर, कर्नाळा, फणसाड, इकडं तुम्ही एका झाडाखाली उभे आणि दोन मिनिटांत शिक्रा (छोटा शिकारी पक्षी), हळद्या, बुलबुल, टकाचोर असं सगळं ऐकून झालं, वही भरली, तर वही बंद करा आणि वर बघा. भृंगराज असणार, शेपटीच्या दोन तारांना टोकाशी पान असलेला. त्याला पकडायची खूण म्हणजे सगळे आवाज एकाच जागेवरून येतात, एकामागून एक, आणि दोन पक्षी कधीच एकमेकांवर बोलत नाहीत. खरं जंगल असतं तर आवाज एकमेकांत मिसळले असते. मधेच स्वतःची धातूसारखी खणखणीत शीळ टाकून तो आपलं आपणच बिंग फोडतो. पर्णपक्षी, म्हणजे हरेवा, हा पण त्याच घराण्यातला म्हणा, फक्त तो भरभर नकला करतो, एका दमात चार पक्ष्यांचे घाबरलेले आवाज कोंबतो, कोतवाल, शिंपी, बुलबुल सगळे. उघड्या माळावर हेच काम खाटीक करतो, पण हळू आवाजात, स्वतःशी पुटपुटल्यासारखं. आणि शिक्रा ऐकू आला म्हणून लगेच खूश होऊ नका, तारेवरचा साधा कोतवाल पण शिक्र्याची नक्कल झकास करतो. मी तर "शिक्रा" हे दिसल्याशिवाय लिहिणंच सोडून दिलंय.

माणसाशी गोंधळ होईल असा पण एक आहे. ताम्हिणीत पावसाळ्यात, पुरतं उजाडलं पण नव्हतं, ओढ्यापलीकडं कोणीतरी शीळ घालत होतं, रमतगमत, सूर हरवलेल्या पोरासारखी. मला वाटलं आमच्यातलाच कोणीतरी पुढं गेलाय, मी पण शीळ घालून उत्तर दिलं. तीनदा. आमचे सगळे माझ्या मागेच उभे होते आणि त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. शीळकरी कस्तूर होता. ओढ्याच्या घोंघाटात पण त्याचा आवाज आरपार येतो, आणि त्या आवाजाला ठरलेली चाल नसते हीच त्याची ओळख. गाणं आठवून गुणगुणता आलं, सा-रे-ग-म चढून उतरावं तसं नेमकं, आणि परत परत तेच, तर तो नाचण, तो पुण्याच्या टेकड्यांवर पण आहे आणि त्याची ट्यून एकदा डोक्यात बसली की मोबाइलच्या रिंगटोनसारखी जात नाही.

आवाज येतोय पण कुठून तेच कळत नाही, ही तक्रार पण फार येते. यात पक्ष्याचा दोष थोडा आणि आपला जास्त. पक्ष्याचा दोष म्हणजे तांबट, "टुक-टुक-टुक" करताना मान इकडून तिकडं फिरवत राहतो, त्यामुळं तो एकदा डावीकडं वाटतो, एकदा उजवीकडं, आणि बसलेला असतो समोरच्या पिंपळाच्या शेंड्यावर. आपला दोष म्हणजे माकडटोपी. खरंच सांगतो. डिसेंबरात पहाटे पाचला निघताना सगळे कानावरून टोपी ओढतात, वर हुडी, आणि मग म्हणतात शिंजीर ऐकू येत नाही. वरच्या पट्टीचे आवाज लोकरीत पहिले अडकतात, आणि एक कान उघडा, एक झाकलेला असेल तर दिशा कळणं संपलंच, कारण दिशा दोन कानांतल्या फरकावरूनच कळते. डोकं झाका, कान उघडे ठेवा. आणि हाताचे पंजे कानामागे धरून हळूहळू वळा, दिसायला वेडगळ दिसतं पण काम करतं.

चालताना ऐकू नका, हे पण त्यातच आलं. थांबा, तीन मिनिटं, बॅग खाली ठेवा, नायलॉनचं जॅकेट हललं तरी खसखस होते. रविवारी सिंहगडाला सातनंतर गेलात तर स्पीकरवरची गाणीच ओळखायची आहेत, तेव्हा अंधारात चढायला सुरुवात करा नाहीतर मधला वार बघा. मे अखेर-जूनमधे भीमाशंकरसारख्या जागी सिकाडा किडे असे ओरडतात की त्यांच्या पट्टीतलं काहीही ऐकू येत नाही, त्यात तुमच्या कानाचा दोष नाही.

पण कधी असतो. मघाचे काका, खडेवाले, त्यांना गेल्या दोन वर्षांत फुलटोचाचं "चिक-चिक" ऐकू येईनासं झालं. आम्ही खालीच उभे, तो डोक्यावर कचकच करतोय, आणि ते विचारतायत कुठंय. वय झालं की वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, हळूहळू, आणि आपल्याला वाटतं पक्षीच कमी झाले. तुमची पन्नाशी उलटली असेल आणि बुलबुल-तांबट नीट पण शिंजीर-फुलटोचा-निखार गायब असं होत असेल तर एकदा कान तपासून घ्या. काकांनी तपासले, मशीन घेतलं, आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "अरे हे सगळे इथंच होते की."

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपबद्दल विचारतात. वापरा, मी पण वापरतो, स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघायला तर उत्तमच आहे, तुकडे मोजायचे असतील तर डोळ्यांनी मोजता येतात, ग्रीनिशच्या दोन तुकड्यांचे दोन ठिपके समोर दिसतात. फक्त ॲप म्हणालं म्हणजे आहे असं नाही. भृंगराजानं शिक्र्याची नक्कल केली तर ॲप शिक्राच म्हणणार, त्यानं झाड बघितलेलं नाही. रेकॉर्डिंग करायचं तर फोन स्थिर धरा, एक मिनिट पूर्ण करा, आणि शेवटी तोंडानं बोला, "करवंदीच्या आत, जमिनीपासून गुडघाभर, साडेसात, दोन सेकंदांनी एकदा." ही शेवटची पाच सेकंदं नंतर सगळ्यात जास्त कामाला येतात.

आणि ओळखू येत नाही म्हणून फोनवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. विणीच्या काळात नर आपली हद्द राखायला घरटं सोडून येतो, त्याला ताप होतो हे तर आहेच, पण तुमची ओळख पण बिघडते, कारण वाजवलेलं ऐकून भलतेच पक्षी येतात आणि मग कोण बोललं तेच कळत नाही.

राहिले कुटूरगे, म्हणजे तांबटाच्याच कुळातले बार्बेट. यांच्यापुढं मात्र मी हात टेकले. तांबटाचं सोपं आहे, एकसारखं "टुक", मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे, घड्याळ लावून मोजा. गोव्याकडं आणि त्याच्या खाली घाटात गेलात तर तसंच पण भरभर "टुक-टुक" करणारा मलबार बार्बेट भेटतो, तिथं वेग बघा. पण पांढऱ्या गालाचा आणि तपकिरी डोक्याचा, हे दोन हिरवे कुटूरगे, दोघंही "कुटरू-कुटरू-कुटरू", दोघंही पानांच्या रंगाचे, दोघंही वडा-उंबरावर. दाट पावसाच्या घाटात पहिला, कोरड्या पठाराकडं दुसरा, पण मुळशीसारख्या मधल्या पट्ट्यात दोघंही असतात, आणि तिथं मी तासभर मोजून, स्पेक्ट्रोग्राम काढून, चुकीचाच निघालोय. फळलेल्या उंबराखाली दुर्बीण लावून बसायचं, गालावर पांढरा पट्टा दिसला की पहिला, डोळ्याभोवती नारिंगी कातडी दिसली की दुसरा. नाही दिसला तर वहीत "कुटूरगा, कोणता ते दिसलं नाही" एवढं लिहायचं आणि पुढच्या वळणाला लागायचं.